मानसशास्त्र शिकवायचं आणि मेंदूवर संशोधनही करायचं: नव्याने येणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

आपल्याकडे मानसशास्त्राचा विभाग बहुधा कला शाखेत असतो. उंदीर, झेब्रा फिंच पक्षी, फळमाश्या यांच्या वागण्यावरून मेंदूचं कोडं सोडवणाऱ्या प्रयोगशाळा मात्र विज्ञान संस्थांमध्ये असतात: कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र). अमेरिकेत अनेक विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागातच 'बिहेवियरल न्यूरोसायन्स', म्हणजे वर्तनामागच्या मेंदूचा अभ्यास, ही शाखा असते, त्यामुळे शिकवणं आणि संशोधन एकाच छताखाली चालतं. इथे ही जोडणी विद्यार्थ्याने स्वतः करायची असते. ती पीएचडी झाल्यावर करायला गेलं तर फार उशीर होतो, कारण तोवर पदवीचा विषय, नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचा विषय आणि हातातली कौशल्यं ठरून गेलेली असतात. म्हणून बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंत कुठे काय करावं, ते इथे सांगते आहे.

१. आधी वाट ओळखा

'मला मेंदूवर काम करायचंय' असं म्हणणाऱ्या मुलामुलींच्या मनात बहुतेक वेळा तीन वेगळी कामं एकत्र झालेली असतात. मानसिक आजाराचं निदान आणि उपचार करायचे असतील तर ती क्लिनिकल सायकॉलॉजीची वाट, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. अपस्मार, पक्षाघात अशा आजारांवर औषधोपचार करायचे तर सुरुवात एमबीबीएसपासून. हा लेख तिसऱ्या वाटेचा आहे. भीती कशी शिकली जाते, झोप मोडली की आठवणींचं काय होतं, व्यसन लागल्यावर मेंदूत काय बदलतं, असे प्रश्न प्रयोगातून सोडवायचे आणि तेच वर्गात शिकवायचं, असं हे काम आहे.

या वाटेवरही लवकरच एक फाटा लागतो: काम माणसांवर करायचं की प्राण्यांवर? दोन्हीकडे दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. उंदरांना रोज दोन तास असा सलग दहा दिवस ताण दिला, तर हिप्पोकॅम्पस या आठवणींशी जोडलेल्या भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात आणि अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागातल्या मात्र वाढतात, हे एनसीबीएसमधल्या सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं. ताणाखालच्या माणसाचं विसरणं आणि त्याच माणसाची वाढलेली धास्ती, या दोन्हींचा धागा एका प्रयोगात हाती आला. जिवंत माणसाच्या मेंदूत असं पेशीपर्यंत उतरता येत नाही. उलट, 'चेहरा ओळखीचा वाटतोय, पण कुठे पाहिलाय ते आठवत नाही' हे उंदीर सांगू शकत नाही. तुमचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे, ते पाहून फाटा निवडा. प्राण्यांवर प्रयोग करणं मनाला पटत नसेल तर ते सुरुवातीलाच स्वतःशी कबूल करा. माणसांवरचं काम तेवढंच मोलाचं आहे, आणि साध्या कॉलेजात राहून ते जास्त करता येतं.

मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवी घेतलेल्या विदिता वैद्य यांचं टीआयएफआरमधलं काम या टप्प्यावर जरूर पाहा. सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन, भावनांची मेंदूतली मंडलं, बालवयातल्या ताणाचे दूरवरचे परिणाम, हे त्यांचे विषय. २०१५ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. प्रश्न भावनांबद्दलचा आणि उत्तर रेणूंपर्यंत नेलेलं, हा पल्ला किती लांब असू शकतो, ते तिथे दिसतं.

२. पदवीची वर्षं: प्रात्यक्षिकं, संख्याशास्त्र आणि थोडं जीवशास्त्र

बारावी कला शाखेतून झाली असेल तर वाट बंद होत नाही, पण जीवशास्त्राची उणीव स्वतः भरून काढावी लागते. चेतापेशीतून विद्युत संदेश कसा जातो, दोन पेशींच्या जोडाशी रसायनं काय करतात, हे रेखाचित्र काढून दुसऱ्याला समजावता येईल इतकं पक्कं झालं पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर विषयाबरोबर मायनर निवडता येतो. तुमच्या कॉलेजात प्राणीशास्त्र, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र मायनर म्हणून मिळत असेल तर तेच घ्या.

प्रात्यक्षिकांचा तास म्हणजे जर्नलवर सही घेण्याचा तास, असं समजू नका. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायचं उपकरण आपल्या अनेक प्रयोगशाळांमध्ये असतं. त्यामागची गोष्ट माहीत असायला हवी. १९५३ मध्ये अपस्मारावरचा उपाय म्हणून हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर घडणारे प्रसंग त्यांच्या लक्षात राहीनासे झाले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांच्या चुका झपाट्याने कमी होत गेल्या, पण हे काम आपण पूर्वी केलंय याची त्यांना दर वेळी काहीच आठवण नव्हती. हाताचं कौशल्य आणि प्रसंगांची आठवण यांची मेंदूतली व्यवस्था वेगळी आहे, हे पेन्सिल, कागद आणि आरसा एवढ्यावर सिद्ध झालं.

मला या क्षेत्राबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. पेशी रंगवणं, जनुकं बदलणं यात जीवशास्त्राचे विद्यार्थी नेहमीच तुमच्या पुढे असतील. पण वर्तन नेमकं कसं मोजायचं, चाचणी जे मोजते म्हणून आपण म्हणतो तेच ती मोजते का, तुलनेचा गट कोणता हवा, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचं बलस्थान आहे. ते पदवीच्या प्रात्यक्षिकांमध्येच घडतं.

संख्याशास्त्र टाळू नका. 'आर' किंवा पायथन यांपैकी एक भाषा दुसऱ्या वर्षापर्यंत सुरू करा. दोन्ही मोफत आहेत. सुरुवातीला जास्पसारखं बटणांवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर घेतलं तरी चालेल.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाया घालवू नका. बी.एस्सी. करणाऱ्यांनी तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती पाहावी. तिच्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करता येतं. अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच मागवतात, म्हणून दिवाळीच्या सुमाराला संकेतस्थळ तपासत राहा. बी.ए.च्या विद्यार्थ्यांनी थेट प्रयोगशाळांना पत्र लिहावं. ते कसं लिहायचं, ते पुढे येईल.

३. पदव्युत्तर पदवी: सगळ्यात विचार करून घ्यायचा निर्णय

एक पर्याय म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. दुसरा कॉग्निटिव्ह सायन्स (बोधविज्ञान) किंवा न्यूरोसायन्स (मेंदूविज्ञान) यांतली पदव्युत्तर पदवी. आयआयटी गांधीनगर, अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधविज्ञान केंद्र, हैदराबाद विद्यापीठाचं न्यूरल आणि कॉग्निटिव्ह सायन्सेस केंद्र ही त्यासाठीची माहितीतली ठिकाणं.

प्रशिक्षण म्हणून दुसरा पर्याय सरस असू शकतो. पण महाराष्ट्रातल्या कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर जाहिरातीत 'संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी' असं लिहिलेलं असतं, आणि अर्जांच्या छाननीत कॉग्निटिव्ह सायन्सची पदवी 'संबंधित' धरायची का, यावर घोडं अडू शकतं. म्हणून शिकवण्याची नोकरी इथेच हवी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पदव्युत्तर पदवी मानसशास्त्रात घ्या, शोधप्रबंध मात्र मेंदूशी जोडलेल्या विषयावर करा. आयआयटी, आयसर किंवा परदेशात जायचं नक्की असेल तर दुसरा पर्याय बिनधास्त घ्या.

निकालात किमान ५५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण हवेतच. त्याखाली गेलात तर नेट, सेट आणि नोकरी या तिन्हींची दारं एकदम बंद होतात.

४. नेट आणि सेट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेटमध्ये पहिल्या पेपरला ५० आणि दुसऱ्याला १०० प्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुण, एकूण तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. मानसशास्त्राच्या दुसऱ्या पेपरच्या दहा घटकांपैकी एक पूर्ण घटक वर्तनाच्या जैविक पायावर आहे, आणखी एक संशोधनपद्धती व संख्याशास्त्रावर. अनेक जण नेमके हेच दोन घटक घाबरून बाजूला ठेवतात. तुमच्यासाठी ते हक्काचे गुण आहेत.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन स्तरांवर लागतो: जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेशासाठी, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षांची आहे. २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. ही शिष्यवृत्ती असेल तर तुम्ही मार्गदर्शकाकडे स्वतःचा पैसा घेऊन जाता, आणि मग मार्गदर्शक निवडण्याचं स्वातंत्र्य खूप वाढतं.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती या दोन राज्यांतल्या नोकरीसाठी पुरते, पण तिच्यावर जेआरएफ मिळत नाही. दोन्ही द्या.

विज्ञान संस्थांचे दरवाजे वेगळ्या परीक्षांनी उघडतात. टीआयएफआर आणि एनसीबीएसची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा वेगळी असते, आयआयटींसाठी गेट. २०२१ पासून गेटमध्ये मानव्यविद्यांचा पेपर आहे आणि त्यात मानसशास्त्र निवडता येतं.

५. मार्गदर्शक शोधणं

पीएचडी किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षांची, असा २०२२ चा यूजीसी नियम आहे. इतकी वर्षं ज्या माणसासोबत काढायची, त्याची निवड 'जागा रिकामी आहे' एवढ्यावर करू नका.

आवडलेल्या विषयावरचे अलीकडचे पाच-सहा शोधनिबंध वाचा आणि त्यांतली भारतीय नावं टिपा. मग शोध मानसशास्त्र विभागांपुरता ठेवू नका. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात उंदरांच्या मेंदूतली पेप्टाइडं, चिंता आणि दारूचं व्यसन यांवर काम झालेलं आहे. औषधनिर्माणशास्त्र, प्राणीशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र अशा विभागांमध्ये वर्तनाच्या चाचण्या रोजच्या वापरात असतात आणि तिथे मानसशास्त्राचं माणूस क्वचितच फिरकतं. मानसशास्त्र विभागातला मार्गदर्शक आणि अशा विभागातला सहमार्गदर्शक, ही जोडी आपल्याकडे मला सगळ्यात व्यवहार्य वाटते. नोंदणी मानसशास्त्रात होते, म्हणून पुढे नोकरीत प्रश्न येत नाही, आणि हाताला प्रयोगशाळा मिळते. मात्र दोघांची लेखी संमती आणि विद्यापीठाची मान्यता नोंदणीच्या वेळीच घ्या. मागाहून सहमार्गदर्शक जोडायला गेलं की फाईल महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते.

पहिलं पत्र छोटं असावं. त्यांचा एक शोधनिबंध वाचून तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न, तुम्हाला येणारी दोन कौशल्यं, आणि कधीपासून किती काळ येऊ शकता ते. 'आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन' छापाची पत्रं न वाचताच पुसली जातात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर नम्रपणे एकदा आठवण करा, मग पुढचं नाव घ्या. होकार आला तर प्रयोगशाळेतल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकट्याने बोला. प्रबंध किती वर्षांत पूर्ण होतात, निबंधावर पहिलं नाव कोणाचं लागतं, सुट्टी मिळते का, हे त्यांनाच विचारायचं.

६. प्रयोगशाळेत काय शिकायचं

प्राण्यांवर काम असेल तर सुरुवात कागदांपासून होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीकडे प्रयोगशाळेची नोंदणी लागते आणि प्रत्येक प्रकल्पाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. प्राण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का, कमीत कमी किती प्राण्यांत भागेल, त्यांचा त्रास कसा कमी होईल, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडले. अर्जात त्यांची उत्तरं मनापासून लिहा. माणसांवर काम असेल तर मानवी संशोधनाची नैतिकता समिती आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. संमतीपत्र सहभागी माणसाच्या भाषेत हवं. न्यायालयीन कागदासारखं मराठी लिहून त्यावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

मग चाचण्या. पाण्याच्या हौदात लपलेला चौथरा शोधायला लावणारी मॉरिस यांची चाचणी, चिंता मोजण्यासाठी उंचावरचा अधिक चिन्हासारखा मार्ग आणि मोकळं मैदान, शिवाय भीतीचं अभिसंधान, म्हणजे एखाद्या खुणेशी भीती जोडायला शिकवणं. यांची यादी पाठ होते, पण त्यांचा नेमकेपणा हातात यायला वेळ लागतो. उंदीर निशाचर आहेत. आपण दुपारी दिव्याखाली त्यांना तपासतो, तेव्हा त्यांची झोपेची वेळ असते. प्रयोगाआधी काही दिवस रोज हातात घेऊन सवय लावली नाही, तर तुम्ही मोजता ती चिंता चाचणीची की तुमच्या हाताची, हे कळत नाही. प्रयोग करणारा पुरुष आहे की स्त्री, यानेही फरक पडतो. पुरुषांच्या गंधाने उंदरांना ताण येतो आणि त्यांच्या वेदनेच्या प्रतिक्रिया दबतात, असं २०१४ मध्ये दिसून आलं. म्हणून तारीख, वेळ, खोलीचं तापमान, कोणी हाताळलं, हे सगळं वहीत रोजच्या रोज लिहा. प्राण्याला कोणत्या गटात काय दिलंय हे चित्रफीत मोजणाऱ्याला माहीत नसावं. आता डीपलॅबकटसारखी मोफत साधनं चित्रफितीतून हालचाली टिपतात, पण काय टिपायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं. एक संपूर्ण आठवडा नुसतं बसून प्राण्यांकडे पाहा, कसलीही मोजणी न करता. एरवी कोणी हे सांगत नाही, आणि याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

संख्याशास्त्राबद्दल एवढंच. २०१३ च्या एका गाजलेल्या विश्लेषणात मेंदूविज्ञानातल्या अभ्यासांची मध्यक सांख्यिकीय शक्ती सुमारे २१ टक्केच भरली. म्हणजे खरा परिणाम असूनही तो हातातून निसटण्याची शक्यता फार मोठी. नमुना किती घ्यायचा हे प्रयोगाआधी ठरवा आणि तसं लिहून ठेवा. एकाच वेताची पिल्लं म्हणजे स्वतंत्र नमुने नव्हेत, हेही विसरू नका.

७. नोकरी

नियमानुसार सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. २०२३ च्या यूजीसी दुरुस्तीनंतर नियुक्तीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. जगातल्या पहिल्या ५०० विद्यापीठांतली पीएचडी असेल तर नेटशिवायही अर्ज करता येतो, हे परदेशी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पण महाराष्ट्रात पहिली काही वर्षं बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वच येतं. तासांप्रमाणे पैसे, तेही उशिरा, सुट्टीत काहीच नाही. भरतीच्या आधी पदांना मंजुरी, बिंदुनामावलीची (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला, या यादीची) तपासणी, मग जाहिरात, यात वर्षं जातात. या व्यवस्थेने कितीतरी चांगली माणसं गमावली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या हातात आहे ते असं: तासिका तत्त्वाचं काम घेतलं तर आठवड्यातले किमान दोन दिवस संशोधनासाठी मोकळे ठेवा, प्रत्येक वर्षाचं अनुभव प्रमाणपत्र त्याच वर्षी घ्या, आणि पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. मान्य नियतकालिकांची यूजीसीची २०१९ पासूनची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमच्यावर आहे.

८. वर्गात

बी.ए.च्या वर्गात अर्धी मुलं 'मेंदूचा भाग अवघड' असं ऐकून आलेली असतात. त्यांना पहिल्या तासाला मेंदूच्या भागांची नावं देऊ नका. आधी वर्तन द्या. मोलेसन यांची गोष्ट सांगा, आरसा आणि चांदणी हातात द्या, प्रत्येकाने दहा वेळा गिरवावं, चुकांचा आलेख फळ्यावर यावा. मग विचारा की हे शिकणं कुठे साठलं असेल. त्यानंतर हिप्पोकॅम्पस हे नाव आलं की ते उत्तर म्हणून येतं आणि लक्षात राहतं.

'उजवा मेंदू कलेचा, डावा गणिताचा', 'आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो' या समजुती पालकसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत पसरलेल्या आहेत. त्या खोडण्यासाठी एक पूर्ण तास ठेवा. रंगीत मेंदूच्या चित्रांना भुलणाऱ्यांना मेलेल्या सामन माशाचा प्रयोग सांगा. २००९ मध्ये संशोधकांनी मेलेला मासा एमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि हजारो तुलनांसाठी आवश्यक ती सांख्यिकीय दुरुस्ती केली नाही तेव्हा माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली. दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. संख्याशास्त्र कशासाठी शिकायचं, हा प्रश्न त्यानंतर वर्गात सहसा येत नाही.

९. साध्या कॉलेजात संशोधन

यंत्रं नाहीत म्हणून संशोधन थांबवायची गरज नाही. सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक संगणक यांवर प्रतिक्रियाकाळाचे उत्तम प्रयोग होतात. १९३५ ची स्ट्रूप चाचणी मराठीत करून पाहा: 'लाल' हा शब्द निळ्या रंगात छापायचा आणि रंग सांगायला लावायचा. पण तपशील सांभाळा. 'लाल', 'निळा' दोन अक्षरी आहेत, 'हिरवा', 'पिवळा' तीन अक्षरी. ही लांबी दोन्ही परिस्थितींत सारखी वाटली गेली पाहिजे. शब्दांत जोडाक्षरं असतील तर काही संगणकांवर ती फुटून दिसतात, तेव्हा शब्द चित्र म्हणून साठवा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणून शब्द ४० मिलिसेकंद दाखवा असं सांगितलं तरी पडदा ३३ किंवा ५० च दाखवेल.

झोप आणि स्मरण, परीक्षेचा ताण आणि लक्ष, मराठी आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचं शब्द ओळखणं, असे विषय आपल्या विद्यार्थ्यांमध्येच भरपूर आहेत. मराठी बोलणारे सहभागी तुमच्याकडे आहेत, परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांकडे नाहीत.

नोकरीच्या पहिल्या वर्षासाठी वेळापत्रक असं ठेवा: जूनमध्येच नैतिकता समितीकडे अर्ज, कारण तिच्या बैठका थोड्या असतात. पावसाळ्यात तृतीय वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना सायकोपाय शिकवायचं. दिवाळीनंतर माहिती गोळा करायची, कारण जानेवारीपासून वर्ग परीक्षा आणि स्नेहसंमेलनांत अडकतात. विश्लेषण उन्हाळ्यात. निबंधावर त्या विद्यार्थ्यांची नावं लावा आणि त्यांतल्या एखाद्याला पुढच्या मे महिन्यात प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी शिफारसपत्र तयार ठेवा.